निळी मशीद, सुलेमानिये की सेलिमिये: एकच नीट पाहायची असेल तर

इस्तंबूलला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या हाती साधारणपणे तीन-चार दिवस असतात आणि त्यांतला बराचसा वेळ बाजार, बॉस्फरसवरची बोट आणि तोपकापी राजवाडा यांतच जातो. उरलेल्या वेळात एखादी मोठी उस्मानी मशीद घाई न करता पाहायची झाल्यास कोणती निवडावी, याचे उत्तर सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेने बहुधा आधीच देऊन टाकलेले असते: सुलतान अहमद मशीद, म्हणजेच पर्यटकांची ‘निळी मशीद’. ती आया सोफियाच्या, म्हणजे सहाव्या शतकात चर्च म्हणून बांधलेल्या आणि पुढे मशीद झालेल्या वास्तूच्या, समोरच असल्यामुळे दोन्ही ठिकाणे एका सकाळीत उरकतात. सुलेमानिये मशीद बहुतेकांना बोटीतून टेकडीवर दिसते आणि तेवढीच दिसते. एदिर्ने शहरातली सेलिमिये इस्तंबूलपासून सुमारे २४० किलोमीटरवर, ग्रीस आणि बल्गेरियाच्या सीमेजवळ असल्यामुळे तिचा विचारच होत नाही. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा असायला हवा. तो का, हे कळण्यासाठी तिन्ही वास्तू एकाच प्रश्नाने तपासून पाहाव्या लागतात आणि तो प्रश्न घुमटाचा नसून खांबांचा आहे.

विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा विषय अगदीच परका वाटणार नाही. चौकोनी दालनावर गोल घुमट ठेवायचा म्हटले की दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली, चौकोनाच्या कोपऱ्यांत वर्तुळाला आधार कुठून द्यायचा; दुसरी, घुमटाचा भार खाली येतो तसाच बाहेरच्या दिशेलाही रेटा देतो, तो कसा अडवायचा. सतराव्या शतकाच्या मध्यावर पुरा झालेल्या गोल घुमटात एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी पहिली अडचण सोडवली आणि सुमारे ३ मीटर जाडीच्या भिंतींनी दुसरी पेलली. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट आतल्या दालनात एकही खांब येऊ देत नाही. मात्र भिंत एवढी जाड आणि एवढी कामाची असली की तिला फार भोके पाडता येत नाहीत, त्यामुळे आत उजेड बेताचाच राहतो. ती कबर आहे, तिला तो उजेड पुरतो. मशिदीचे तसे नसते. शेकडो माणसे लांबच लांब रांगांत उभी राहणार, इमाम शक्य तितक्यांना दिसला पाहिजे, कुराणाचे पठण शेवटच्या रांगेपर्यंत पोचले पाहिजे आणि आत प्रकाश भरपूर हवा. म्हणून उस्मानी वास्तुकारांनी घुमटाचा रेटा अर्धघुमटांवर, तेथून आणखी लहान अर्धघुमटांवर आणि शेवटी मोजक्या जाडजूड खांबांवर उतरवला. भिंत मोकळी झाली आणि तीत खिडक्यांच्या ओळीच्या ओळी बसल्या. या सोयीची किंमत म्हणजे ते खांब. ते दालनात कुठे उभे केले आहेत, यावर आत शिरलेल्या माणसाला काय वाटते हे जवळजवळ सगळे अवलंबून असते.

निळ्या मशिदीत ते लपवण्याचा प्रयत्नच केलेला नाही. सुलतान पहिला अहमद याने १६०९ मध्ये बांधायला घेतलेली आणि त्याच्या अखेरच्या वर्षात, १६१६-१७ च्या सुमारास, पुरी झालेली ही मशीद सेदेफ्कार मेहमेद आगा या वास्तुकाराची. ‘सेदेफ्कार’ म्हणजे शिंपल्यांचे जडावकाम करणारा. नकाशा साधा आणि काटेकोर आहे: मधोमध २३.५ मीटर व्यासाचा घुमट, चारही बाजूंना चार अर्धघुमट आणि या सगळ्यांखाली प्रत्येकी सुमारे ५ मीटर व्यासाचे चार खांब. तुर्की लोक त्यांना हत्तीचे पाय म्हणतात. मराठीत हत्तीपाय म्हटले की रोगच आठवतो, पण त्या खांबांसमोर उभे राहिल्यावर दोन्ही अर्थ पटतात. उभ्या खाचांनी त्यांचा बोजडपणा कमी करण्याचा प्रयत्न झाला आहे, परंतु घुमट तिघांतला सर्वांत लहान आणि खांब असे, या विषम जोडीमुळे आत शिरल्यावर नजर वर जाण्याआधी त्यांच्यावरच आदळते.

त्यातही हा नकाशा नवा नव्हता. सुलेमानिये आणि सेलिमिये बांधणारा वास्तुकार मिमार सिनान याने १५४० च्या दशकात इस्तंबूलच्याच शहजादे मशिदीसाठी तो वापरला आणि नंतर मोठ्या शाही मशिदीसाठी पुन्हा हाती घेतला नाही, कारण चारही दिशांना सारखीच असलेली जागा डोळ्याला कुठेच ओढून नेत नाही.

आता निळेपणाविषयी. इझनिक या गावच्या भट्ट्यांत भाजलेल्या वीस हजारांहून अधिक टाइल्स हे या मशिदीचे मोठे आकर्षण म्हणून सांगितले जाते आणि संख्या खरीही आहे, पण त्यांतल्या उत्तम टाइल्स मागच्या बाजूच्या वरच्या सज्जांत आहेत आणि पर्यटकाला खालून, कठड्याच्या अलीकडून, त्या जेमतेम ओळखू येतात. खालून जो निळा रंग डोळ्यांत भरतो, तो बहुतांशी वरच्या भिंतींवर आणि घुमटांवर अलीकडच्या काळात केलेल्या रंगकामाचा आहे. शिवाय सतराव्या शतकाच्या आरंभी इझनिकच्या भट्ट्यांचा दर्जा उतरणीला लागला होता: टाइल्सचा भाव राजाज्ञेने ठरलेला आणि बाकी सगळे महागत चाललेले, अशा कोंडीत कारागीर सापडले होते. ज्यांना टाइल्सच पाहायच्या आहेत त्यांनी येथे रांगेत तासभर घालवण्यापेक्षा मसाला बाजाराजवळच्या रुस्तम पाशा मशिदीत जावे. दुकानांच्या वरच्या मजल्यावर असलेली ती सिनानची छोटी मशीद १५६० च्या दशकाच्या सुरुवातीची, म्हणजे इझनिकच्या ऐन बहरातली. तेथे भिंतीला नाक लावून उभे राहता येते. फुलांतला पोवळ्यासारखा लाल रंग बाकीच्या रंगांहून किंचित उठून आलेला असतो, कारण तो जाड थराने लावलेला आहे. उजेड तिरपा पडला की त्या फुगवट्याची कड चमकते. उतरणीच्या काळात हाच लाल तपकिरीकडे झुकत गेला.

असे असूनही निळ्या मशिदीला कमी लेखण्याचे कारण नाही. तिचे बळ बाहेर आहे. सहा मिनार, प्रशस्त अंगण, त्याभोवतीच्या ओवऱ्या आणि लहान घुमटांपासून मोठ्या घुमटापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा आकार, हे सारे हिप्पोड्रोमच्या, म्हणजे जुन्या रथशर्यतींच्या, मैदानातून पाहिले की उस्मानी मशिदीचे जे चित्र आपल्या मनात असते ते समोर उभे राहते. ते पाहायला अर्धा तास पुरतो आणि आत जाण्याची रांगही लागत नाही.

सुलेमानियेकडे जाताना चढ लागतो. भरबाजारातून किंवा विद्यापीठाच्या बाजूने दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते आणि बहुधा याच चढामुळे सहलीच्या बसगाड्या तेथे फिरकत नाहीत. सुलतान सुलेमानसाठी सिनानने १५५० ते १५५७ या काळात ती बांधली. तिच्या भोवती मदरसे, रुग्णालय, अन्नछत्र, हमाम असा एक मोठा संकुलच उभा केला, ज्याला तुर्कीत ‘कुल्लिये’ म्हणतात. टेकडीचा उतार असल्यामुळे एका बाजूचे मदरसे पायऱ्यांसारखे खाली उतरत जातात, म्हणून मशिदीच्या मागच्या गच्चीवरून त्यांच्या छोट्या घुमटांच्या आणि धुराड्यांच्या पलीकडे थेट गोल्डन हॉर्नची खाडी दिसते. अंगणाच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार आहेत. दालनाला लागून असलेल्या दोन उंच मिनारांना प्रत्येकी ३ सज्जे आणि पलीकडच्या दोन आखूड मिनारांना प्रत्येकी २, असे मिळून १०. सुलेमान हा दहावा उस्मानी सुलतान आणि इस्तंबूल जिंकल्यानंतरचा चौथा, असा या आकड्यांचा अर्थ लावला जातो.

आतला नकाशा आया सोफियाचा उघड उघड वारसा सांगतो: मध्ये सुमारे २६.५ मीटर व्यासाचा घुमट, मेहराबच्या, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, दिशेला एक आणि प्रवेशाच्या दिशेला एक असे दोनच अर्धघुमट, आणि उरलेल्या दोन बाजूंना खिडक्यांनी भरलेल्या उंच कमानदार भिंती. घुमटाचा माथा ५३ मीटरांवर, म्हणजे व्यासाच्या बरोबर दुप्पट उंचीवर. खांब येथेही चारच आहेत आणि तेही लहान नाहीत. मग ते अंगावर का येत नाहीत, हे मला कळायला दोनदा आत जावे लागले. सिनानने त्यांना गोल न ठेवता कोन आणि पैलू दिले आहेत, त्यामुळे ते सुटे न वाटता भिंतीचेच भाग वाटतात. शिवाय बाजूंचा रेटा अडवणाऱ्या अवाढव्य धीऱ्या त्याने निम्म्या आत आणि निम्म्या बाहेर अशा वाटून टाकल्या आणि दोन्हीकडे त्यांच्यामधल्या जागेत सज्जे व ओवऱ्या भरून त्या झाकल्या. बाहेरून पाहणाऱ्याला दुमजली ओवरी दिसते, आतून पाहणाऱ्याला सज्जा दिसतो. भार पेलणारा भाग दोघांनाही दिसत नाही. खांबांच्या मध्ये दोन्ही बाजूंना मिळून चार प्रचंड अखंड ग्रॅनाइटचे स्तंभ आहेत. त्यांतला एक लेबनॉनमधल्या बालबेकहून, एक अलेक्झांड्रियाहून आणि दोन इस्तंबुलातूनच आणल्याचे सांगितले जाते.

सजावटीचा हात येथे आखडता आहे. इझनिक टाइल्स फक्त किबल्याच्या, म्हणजे मक्केकडच्या, भिंतीवर, मेहराबच्या दोन्ही बाजूंना आहेत. रंगीत काचांच्या खिडक्याही त्याच भिंतीत एकवटल्या आहेत. परिणामी सगळ्या दालनात रंग एकाच दिशेला आहे आणि नजर आपसूक तिकडे वळते. वरचे रंगकाम मात्र सगळे मूळचे समजू नये. एकोणिसाव्या शतकात फोसाती बंधू या स्विस वास्तुकारांनी ते बरोक या नटव्या युरोपीय धाटणीने पुन्हा रंगवले होते आणि पुढच्या जीर्णोद्धारांत त्यातला काही भाग जुन्या नमुन्यांवर परत आणला गेला.

दोन गोष्टी सुलेमानियेत मुद्दाम शोधाव्यात. दोन्ही शोभेच्या नाहीत. घुमटाच्या आतल्या बाजूस, गिलाव्यात, मातीची पोकळ भांडी बसवलेली आहेत. तोंडे आत उघडी असलेली ही भांडी आवाजाचा गोंगाट होऊ न देता त्याला दालनभर पसरायला मदत करतात. दुसरी गोष्ट मुख्य दरवाजाच्या वर आहे. पूर्वी येथे तेलाचे दिवे हजारोंनी जळत आणि त्यांची काजळी भिंतींवर बसून सगळी सजावट काळवंडली असती. सिनानने हवेचा ओघ असा साधला की धूर दरवाजावरच्या एका लहानशा खोलीकडे ओढला जाई, तेथे काजळी साठे आणि तिची शाई बनवली जाई. आपल्याकडे दिव्यावर पितळी पळी धरून काजळ पाडणाऱ्या आजीला ही युक्ती क्षणात समजली असती. त्या दिव्यांची लोखंडी कडी आजही आहेत, फक्त दिवे विजेचे झाले आहेत. तिन्ही मशिदींत ही कडी डोक्याच्या थोडीच वर टांगलेली असतात आणि त्यांच्या तारा घुमटापर्यंत जातात; छायाचित्र काढताना त्या आड येतात म्हणून बरेच लोक कुरकुरतात, पण रात्री त्यांच्यामुळेच एवढ्या उंच जागेत माणसाच्या मापाचे एक दुसरे, खालचे छत तयार होते.

मागच्या आवारात सुलेमानची आणि त्याची पत्नी हुर्रम हिची स्वतंत्र कबर आहे. हुर्रम १५५८ मध्ये गेली, सुलेमान १५६६ मध्ये. खुद्द सिनानची कबर आवाराच्या बाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या निमुळत्या तुकड्यात आहे आणि ती इतकी साधी आहे की दहांपैकी नऊ जण तिच्यावरून पुढे जातात. समोरच्या रांगेतल्या जुन्या मदरशांच्या गाळ्यांत आता राजमासारख्या पांढऱ्या घेवड्याची रस्सेदार भाजी आणि भात मिळतो. शाकाहारी माणसाने ती मांसाशिवाय शिजवली आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

सेलिमियेची तुलना करताना मला तटस्थ राहता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. सिनानचा जन्म अनातोलियातल्या एका ख्रिस्ती कुटुंबातला. तरुणपणी सुलतानाच्या सेवेत भरती झाल्यावर त्याने सैन्यात पूल आणि नौका बांधल्या आणि मग पन्नाशीच्या आसपास तो दरबारचा मुख्य वास्तुकार झाला. शहजादे ही आपली उमेदवारी, सुलेमानिये ही कारागिरी आणि सेलिमिये ही उस्तादी, अशी वर्गवारी त्याच्याच नावावर सांगितली जाते. सुलेमानचा मुलगा दुसरा सेलीम याच्यासाठी १५६८ च्या सुमारास त्याने ही मशीद हाती घेतली तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. १५७५ मध्ये ती नमाजासाठी खुली झाली, पण सेलीम १५७४ च्या डिसेंबरातच वारला होता.

येथे त्याने चार खांबांचा नादच सोडला. सुमारे ३१.२५ मीटर व्यासाचा घुमट आठ खांबांवर आहे आणि हे आठही खांब दालनाच्या कडेला इतके सारलेले आहेत की मधली जागा एकसंध राहते. भार आठांत वाटला गेल्यामुळे प्रत्येक खांब सडसडीत झाला आहे. मोठे अर्धघुमट उरलेलेच नाहीत. मेहराब मागे एका खोलगट कोनाड्यात ढकललेला आहे, त्यामुळे त्याला तीन बाजूंच्या खिडक्यांतून उजेड मिळतो. सुलेमानियेत शिरल्यावर आधी मधला घुमट, मग अर्धघुमट, मग बाजूचे भाग असे एकेक करून कळत जाते. सेलिमियेत उंबरा ओलांडताच सगळी जागा एका दृष्टिक्षेपात हाती लागते. उंची ४३ मीटरांच्या आसपास, म्हणजे सुलेमानियेहून १० मीटर कमी, आणि व्यास मात्र जवळजवळ ५ मीटर जास्त. तेथे माणूस वर पाहतो, येथे तो सभोवार पाहतो. व्यासाच्या बाबतीत आया सोफियाची बरोबरी केल्याचा सिनानला अभिमान होता. हजार वर्षांपूर्वीचा तो घुमट मुसलमान वास्तुकारांच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे टोमणे त्याने ऐकले होते आणि ते त्याला लागले होते.

एकच गोष्ट मला खटकते. घुमटाच्या बरोबर मध्यबिंदूखाली, बारा बुटक्या खांबांवर, मुअज्जिनांसाठी, म्हणजे अजान देणाऱ्यांसाठी, चौकोनी माची उभारलेली आहे आणि तिच्याखाली छोटे कारंजे आहे. जेथे उभे राहून वर पाहावे, नेमकी तीच जागा अडली आहे. सिनानने ती तेथे विचार करूनच ठेवली असणार. त्याच्या इतर मोठ्या मशिदींत ही माची बाजूच्या खांबाला टेकलेली असते. पण तिच्याजवळ गेल्यावर राग थोडा निवळतो. एका संगमरवरी खांबाच्या पायथ्याशी, वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, बोटभर लांबीचे ट्यूलिपचे फूल उलटे कोरलेले आहे. या जमिनीवर ट्यूलिपची बाग असलेल्या मालकाने ती विकायला फार आढेवेढे घेतले, म्हणून त्याचा हट्ट असा उलटा कोरला, ही दंतकथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. इतक्या लोकांनी त्या फुलावर हात फिरवला आहे की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

चारही मिनार ७० मीटरांहून उंच, अतिशय सडपातळ आणि अंगणाच्या कोपऱ्यांऐवजी प्रार्थनादालनाच्याच चार कोपऱ्यांवर उभे आहेत, त्यामुळे घुमट त्यांच्या मधोमध धरल्यासारखा दिसतो. त्यांपैकी दोन मिनारांच्या पोटात तीन-तीन स्वतंत्र जिने एकमेकांभोवती वळत जातात आणि प्रत्येक जिना वेगळ्या सज्ज्यावर उघडतो. एकाच वेळी चढणारी तीन माणसे वाटेत एकमेकांना दिसत नाहीत. ही युक्तीही एदिर्नेतलीच: तेथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या उच शेरेफेली मशिदीच्या तीन सज्जांच्या मिनारात ती १४४७ पूर्वीच करून दाखवलेली आहे. युनेस्कोने सेलिमिये आणि तिच्या संकुलाला २०११ मध्ये जागतिक वारसायादीत घेतले.

तर निवड कशी करावी? सोबत वयस्कर मंडळी असतील, चढ नको असेल आणि आया सोफियाही पाहायची असेल, तर निळी मशीद बाहेरून पाहावी, अंगणात थोडे बसावे आणि रांग लांब असेल तर आत न गेल्याचे वाईट वाटून घेऊ नये. इस्तंबूलबाहेर पडायला वेळच नसेल तर सुलेमानियेला सलग दोन तास द्यावेत, सकाळी लवकर किंवा दुपारच्या नमाजानंतर. लहान मुले बरोबर असतील तरी तीच सोयीची, कारण मागे मोकळी हिरवळ आणि गच्ची आहे. वास्तुकला शिकणाऱ्या, बांधकामाच्या धंद्यात असलेल्या किंवा गोल घुमटात तासभर मान वर करून उभे राहिलेल्या माणसाने मात्र एक दिवस मोडून एदिर्नेला जावे. बसने अडीच-तीन तास लागतात, सकाळी निघून रात्री परत येता येते. शहराच्या आशियाई बाजूला २०१९ मध्ये उघडलेल्या चामलिजा मशिदीचे नाव कोणी सुचवील. ३४ मीटरांचा घुमट आणि ६३,००० माणसांची सोय ही मापे मोठी आहेत, पण खांबांचा जो प्रश्न सोळाव्या शतकात दगड-चुन्याने सोडवायचा होता तो काँक्रीटला पडतच नाही, म्हणून ती या तुलनेत बसत नाही.

तिन्ही ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत. चपला बाहेर काढाव्या लागतात, स्त्रियांनी डोके झाकायचे असते आणि नमाजाच्या वेळी, विशेषतः शुक्रवारी दुपारपर्यंत, पर्यटकांना आत सोडत नाहीत. एदिर्नेसाठी आणखी एक खबरदारी घ्यावी. सेलिमियेचा मोठा जीर्णोद्धार २०२१ च्या अखेरीस सुरू झाला आणि त्यानंतर दीर्घकाळ घुमटाखाली परांची बांधलेल्या होत्या. निघण्यापूर्वी त्या उतरल्याची खात्री करून घ्यावी. उतरल्या नसतील तर तो दिवस सुलेमानियेलाच द्यावा, कारण परांचीच्या आडून आठ खांब मोजता येतात, पण त्यांच्यामधली मोकळी जागा दिसत नाही.